आईला कुणीतरी जेवायला सांगा

तुमचं माणूस आयसीयूत नळ्या लावून पडलेलं असेल आणि तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसून हे वाचत असाल, तर आधी एक काम करा. उठा आणि तुमच्याबरोबरचं म्हातारं माणूस जेवलंय का ते बघा. डबा रिकामा आहे एवढ्यावर जाऊ नका. त्यांना समोर बसवा, घास तोंडात जाताना डोळ्यांनी बघा, मग पुढचं वाचा. हे सांगायला मला फार उशिरा तोंड फुटलं, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगतोय.

मी शमुवेल. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर. कंपनीत मला सगळे शामराव म्हणतात. निम्म्यांना वाटतं माझं नाव शाम आहे, आणि मीही कधी दुरुस्त करायला गेलो नाही. राहायला मोशीत, मी, बायको रजनी आणि आई. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, चिंचवडला. छोटंसंच. रविवारी उपासनेच्या आधी मोठ्या माणसांचा एक वर्ग असतो, तो मी घ्यायचो. विषय फिरून फिरून एकच, तारण. माणूस पापातून सुटतो तो कसा, आणि कुणाच्या जिवावर.

मी कंपनीतला दाखला द्यायचो. समजा तुमची नाइट लागलीय आणि तुम्ही तापानं फणफणलाय. दुसरा एक जण म्हणतो, तू झोप गपचूप, तुझ्या जागी मी उभा राहतो. झाला तो तुमचा बदली. ख्रिस्तानं हेच केलं, आपल्या मरणाची पाळी त्यानं घेतली. आपण करायचं काय? काही नाही. हो म्हणायचं. तारण फुकट असतं, त्यात आपण आपल्या पदरचं काही घालायचं नाही. लोकांना पटायचं. मलाही पटायचं, कारण तोवर माझ्या जागी कुणाला उभं राहिलेलं मी बघितलंच नव्हतं.

आमच्याकडे तारणासाठी एक जुना शब्द आहे, खंडणी. म्हणजे बंदिवानाला सोडवायला जे द्यावं लागतं ते. आता चाकणात राहणाऱ्या माणसाला खंडणी म्हटलं की काय आठवतं ते मी सांगायला नको. वर्गात एकदा एकानं विचारलंच, "शामराव, देवानं खंडणी दिली, पण कुणाला? घेणारा भाई कोण?" सगळे खो खो हसले. मीही हसलो आणि गायनाचं पुस्तक उघडायला लावलं. उत्तर मला येत नव्हतं.

पाय

आधी माझं पोट बिघडलं होतं, ते बरं झालं. मग काही दिवसांनी तळपायाला मुंग्या आल्या. मी म्हटलं, सेफ्टी शूज बदलायला झालेत. कंपनीत मशीनवर चढायची शिडी असते, तिच्यावर पाय टाकला तर गुडघा दुमडला. गवळी म्हणून माझा जोडीदार आहे, आम्ही दोघं कायम एकाच शिफ्टला. तो म्हणाला, "काय राव शामराव, कालची उतरली न्हाई वाटतं." मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही हे त्याला चांगलं ठाऊक आहे, पण बोलल्याशिवाय त्याला करमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला संडासातून उठता येईना. दार आतून लावलेलं. रजनी बाहेरून हाका मारतेय, आई बाहेरून प्रार्थना करतेय, आणि मी आत कमोडवर बसून भिंतीला हात लावून रडतोय. लाजच गेली सगळी. शेवटी गवळीनं येऊन कडी तोडली आणि मला उचलून त्याच्या गाडीत घातलं. हायवेवर नेहमीसारखी गाडीला गाडी चिकटलेली. तो हॉर्न वाजवत होता, शिव्या देत होता, आणि मधेच मागं वळून आईला "सॉरी हां काकू" म्हणत होता.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर मारलं. काही हललं नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तिथंही नाही. मी फिटर माणूस. हातोडी मारल्यावर काहीतरी व्हायलाच पाहिजे, हे मला माहीत आहे.

"जीबीएस वाटतंय," डॉक्टर म्हणाले. आपलंच शरीर आपल्या नसांवर उलटतं, असं काहीतरी त्यांनी समजावलं. "हे अजून वर चढेल. श्वासापर्यंत गेलं तर मशीन लावावं लागेल. पण घाबरू नका, यातून बरीच माणसं उठतात. वेळ लागतो, एवढंच."

मी आणि रजनीनं ते सगळं ऐकलं. आईनं मशीनपर्यंतच ऐकलं. नंतरचं तिच्या कानात शिरलंच नाही, हे मला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

आत

ते श्वासापर्यंत गेलं. तोंडात नळी घातली, पुढं गळ्याला भोक पाडून तिथून श्वास दिला. नाकातून पोटात दुसरी नळी, तिच्यातून पातळ जेवण. हात नाही, पाय नाही, आवाज नाही. फक्त पापण्या हलायच्या, त्याही जड. कान मात्र ठणठणीत चालू होते, डोकंही.

लोकांना वाटतं भीती मरणाची वाटते. वाटते, पण ती येऊन जाऊन असते. कायमचा असतो तो नाकावरचा खाज सुटलेला ठिपका. घाम डोळ्यात उतरतो आणि पुसता येत नाही. कुणीतरी चादर ओढताना तुमचा हात अंगाखाली दुमडून ठेवतो आणि निघून जातो. तो हात सरळ करून मिळावा म्हणून मी जितक्या कळकळीनं प्रार्थना केली, तितक्या कळकळीनं माझ्या पापांसाठी जन्मात केली नसेल.

पण माणसं चांगली होती, हेही लिहायला पाहिजे. फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या, इकडच्या जुन्या गावकऱ्यांतल्या. बादली खाली ठेवून त्या माझ्या तोंडाशी वाकायच्या. "दादा, डोळं पुसू का? व्हय? मिटा बरं एकदा." आणि पदरानंच पुसायच्या. तिथं ते चालत नसणार, पण मला त्या पदराचा फार आधार वाटला. कांबळे सिस्टर म्हणून होत्या, त्यांनी खूण ठरवून दिली. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. दुखतंय का, गरम होतंय का, कुशीवर वळवू का. मी हो-नाही करायचो. जगाशी माझा तेवढाच धागा उरला होता.

आईचा उपास

आत भेटायला सकाळी एकाला सोडायचे, संध्याकाळी एकाला. सकाळी आई यायची, संध्याकाळी रजनी. आई घरी जायलाच तयार नव्हती. खालच्या मोठ्या हॉलमध्ये नातेवाईक सतरंज्या टाकून राहायचे, त्यांच्यात तिनं आपली सतरंजी टाकली होती.

आईबद्दल सांगायला पाहिजे. ती जालन्याकडची. तिच्या माहेरी आजीपासून सगळे विश्वासातले, म्हणजे ख्रिस्ती, पण गाव ते गावच. आजूबाजूला कुणी पोरासाठी नवस बोलतंय, कुणी अनवाणी चालतंय, हे बघतच ती वाढली. "आपण नवस करत नाही बाबा, आपण प्रार्थना करतो," असं ती ठासून सांगायची. मंडळीतल्या बायकांची शुक्रवारची उपास-प्रार्थना तिनं कधी चुकवली नाही. बरं, तिला साखरेचा आजार. शुक्रवारी सुद्धा मी तिला दुपारी दटावून खायला लावायचो.

गळ्याला भोक पाडल्यानंतरच्या सकाळी ती आली. डोक्यावर पदर घेऊन माझ्या कानाशी वाकली. आवाजात अगदी लाडिक आनंद होता, जणू माझ्यासाठी काही गोडधोड करून आणलंय.

"शमू, चार दिवस झाले, मी देवापुढं बोललेय. तू आपल्या हातानं घास घेशील, तेव्हाच मी घास घेईन. तोवर फक्त पाणी आणि कोरा चहा. काळजी करू नको, साखरेच्या गोळ्या मी वेळेवर घेते. औषध म्हणजे काही अन्न नव्हे, त्यानं उपास मोडत नाही. रजनीला सांगू नको हं, ती आकांत करेल."

सांगू नको! मला!

साखर उतरवायची गोळी घ्यायची आणि वर अन्न घ्यायचं नाही, म्हणजे साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, हे तिच्यासमोर डॉक्टरांनी हजारदा सांगितलं होतं. मी डोळे दोनदा मिटले. पुन्हा दोनदा. पुन्हा पुन्हा. आईनं माझे डोळे पुसले. "रडू नको रे राजा," म्हणाली, आणि वेळ संपली म्हणून निघून गेली.

संध्याकाळी रजनी आली. म्हणाली, "आईंचं बरंय हो. डबा रोज रिकामा येतो, धुऊन ठेवतात. मला तर वाटलं होतं काही खाणार नाहीत." तो डबा आई हॉलमधल्या परभणीकडच्या एका कुटुंबाला देत होती, हेही तिनंच मला सकाळी कौतुकानं सांगितलेलं. मी डोळे दोनदा मिटले. "काय नाही? दुखतंय?" दोनदा. "गरम होतंय? पाठ? पाय?" दोनदा, दोनदा, दोनदा. सगळे मला माझ्याबद्दल विचारत होते. आई जेवली का, एवढं एकच कुणी विचारत नव्हतं, आणि मला उत्तर फक्त तेवढंच द्यायचं होतं.

पुढच्या सकाळी आई आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. तोंडाला उपाशी पोटाचा वास येत होता. "बरं वाटतंय मला, हलकं वाटतंय," म्हणाली.

अक्षरं

माझी तगमग कांबळे सिस्टरच्या लक्षात आली. त्यांनी एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाच्या मागं ठळक अक्षरं लिहिली. त्या बोट फिरवायच्या, हव्या त्या अक्षरावर मी डोळे मिटायचे. बोलायला सोपं, पण एका अक्षराला जीव निघायचा. पापण्या मिटल्या की उघडताना जड दार ढकलल्यासारखं व्हायचं. एक शब्द झाला की मी संपलो.

पहिल्या दिवशी मी सुरुवात केली. आ. ई.

"आई!" सिस्टर ओरडल्याच. "आई म्हणतायत हो! आई पाहिजे त्यांना!" अख्खं आयसीयू हललं. ब्रदर आले, डॉक्टर आले, सिस्टरच्या डोळ्यात पाणी. भेटीची वेळ नसताना खास परवानगी काढून आईला वर आणलं. ती भिंतीला धरून धरून आली आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून रडली.

"हाक मारलीस रे मला! बघ, उपास पोहोचला वर. आता तर मुळीच नाही सोडणार."

माझ्यासारखा लाचार माणूस त्या दिवशी जगात दुसरा नसेल. मी तिला वाचवायला तोंड उघडलं आणि तिला आणखी आत ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आई हा शब्दच नको. 'उपाशी' घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई, पोट भरत नाही होय?" आणि डॉक्टरांना विचारून माझं नळीतलं जेवण वाढवलं. हसू नका. किंवा हसा, आता मलाही कधीकधी हसू येतं. माझी आई खाली हॉलमध्ये उपाशी, आणि इकडे माझ्या पोटात डबल जेवण चाललंय.

मला ते दोन्ही शब्द एकापुढं एक ठेवायचे होते. तेवढी ताकद पापण्यांत नव्हती. मी मनात म्हणत होतो, देवा, तुला तर ऐकू येतंय ना? मग कुणाच्या तरी कानात घाल की. आईला कुणीतरी जेवायला सांगा. काही झालं नाही. मशीन आपलं फुसफुसत राहिलं.

तिसऱ्या संध्याकाळी रजनीनं पाकीट हातात घेतलं. मी पुन्हा आ आणि ई केलं. ती म्हणाली, "बोलावू आईंना?" मी दोनदा मिटले. ती थांबली. रजनीचं हे बरं आहे, ती चटकन हुरळत नाही. "आई नकोत. मग आईंचं काही सांगायचंय?" एकदा. "तब्येत?" एकदा. "गोळ्या घेत नाहीत?" दोनदा. "मग? जेवण?" मी एकदाच मिटले आणि उघडलेच नाहीत बराच वेळ. ती पाकीट टाकून पळाली.

आई हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलेली होती. डोक्यावर पदर, हात जोडलेले, मान खाली. दुपारपासून तशीच. आजूबाजूच्या सगळ्यांनी बघितलं होतं. पण ती रोजच तशी बसायची, आणि प्रार्थनेला बसलेल्या बाईला हात कसा लावायचा, म्हणून कुणी हलवलं नाही. परभणीच्या त्या कुटुंबानं तर पोरांना गप्प केलं होतं, आजी देवाशी बोलतायत म्हणून.

मेंदू बराच वेळ साखरेविना उपाशी राहिला, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. पण साखर वर आली तेव्हा तिच्याबरोबर आई सगळी परत आली नाही.

साक्ष

मला हे रजनीनं सांगितलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली. "तुम्हाला माहीत होतं! डोळे मिटत होता ना? मग नीट का नाही मिटलेत?" आणि मग तोंडावर हात घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. मी तिला दोष देत नाही. तिनं रोज डबा करून पाठवला होता आणि रिकामा बघून समाधान मानलं होतं. घरात असं काही झालं की दोष कुठंतरी ठेवायला जागा लागते, आणि मी तर हलतही नव्हतो.

मग मी उठलो. डॉक्टर म्हणाले होते तसंच. आधी अंगठा, मग मनगट, मग खांदा. गळ्यातल्या नळीला टोपण लावलं आणि घोगरा का होईना आवाज आला. फिजिओच्या पोरीनं मला खुर्चीत बसवलं तेव्हा मी लहान पोरासारखा कलंडत होतो. आणि एके दिवशी मी चमचा उचलून वरणभात तोंडात घातला. आसपासच्यांनी टाळ्या वाजवल्या. "देव तारी त्याला कोण मारी," मावशी म्हणाल्या. मला तो घास गिळवेना.

मंडळीत मात्र साक्ष झाली. आईच्या उपासानं मुलगा उठला, माउलीनं आपला जीव टाकून लेकराला सोडवलं, असं एका बाईंनी भर उपासनेत उभं राहून सांगितलं. सगळे आमेन म्हणाले. माझं डोकं फिरलं. अहो, मी उठणारच होतो! पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळ लागेल म्हणून. आई रोज दोन चपात्या खाऊन बसली असती तरी मी उठलो असतो. देवानं काही मागितलं नव्हतं, आजारानं मागितलं नव्हतं, मी तर दोन-दोनदा डोळे मिटून नको नको म्हणत होतो. मग तिनं ती खंडणी दिली कुणाला?

मंडळीचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा मी त्यांना हेच विचारलं, चांगलं आवाज चढवून. वयस्कर माणूस. मला वाटलं होतं, वचन काढतील आणि समजावतील. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"शमुवेल, मला ठाऊक नाही," म्हणाले. "पण तुझ्या आईला मी वीस-पंचवीस वर्षं तेच शिकवलं रे. सगळं देऊन झालंय, क्रुसावर संपलंय, आता आपल्याकडून काही द्यायचं उरलेलं नाही. तिनं दर रविवारी ऐकलं. पण पोटचं पोर तसं पडलेलं बघून कुणाला वाटेल की सगळं आधीच देऊन झालंय?"

मग म्हणाले, "मला तरी वाटलं नसतं." आणि चहा न पिताच गेले.

मी तारणावर इतकी वर्षं बोललो ते सोडवणाऱ्याच्या बाजूनं. किती प्रेम, किती मोठं मन. सुटणाऱ्याच्या बाजूनं ते कसं दिसतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही पडलेले असता. तुमच्यासाठी कुणीतरी स्वतःला संपवत असतं, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि तुम्हाला थांब म्हणता येत नाही. मी डोळ्यांनी नको म्हटलं तरी आई थांबली नाही. ख्रिस्तालाही कुणी थांबवू शकलं नाही, त्याच्याही आईला तिथं उभं राहून बघावंच लागलं. हो म्हणायचं, एवढंच तर आपलं काम, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मला हो म्हणवत नाही. रागच येतो. आईचा येतो, देवाचा येतो, आणि ज्याचा राग येतो त्याच्याचपाशी रोज प्रार्थनेला बसावं लागतं, दुसरं कुणी नाही म्हणून. वर्ग मी सोडला. आता दुसरे एक जण घेतात.

घरी

मी पुन्हा कंपनीत जातो. शिडीचं काम देत नाहीत, स्टोअरला बसवलंय. गवळी रोज मोशीतून मला घेऊन जातो आणि रोज म्हणतो, "शामराव, आराम हाय राव तुमचा."

आई घरी आहे. चालते, गायनं म्हणते, केसांना तेल लावून घेते. पण तिच्या लेखी मी अजून आतच पडलेला आहे. आमचा हॉल म्हणजे तो हॉस्पिटलचा हॉल, आमचं स्वयंपाकघर म्हणजे आयसीयू. आणि तिचा उपास चालू आहे. आमच्या हातून भाकरीचा तुकडा घेते, मुठीत धरून ठेवते, आम्ही वळलो की उशीखाली सरकवते.

पहिल्यांदा मी तिच्यासमोर बसून जेवून दाखवलं. "आई, बघ, मी हातानं खातोय. झालं. तुझा उपास सुटला." ती पाहुण्याकडे बघावं तसं बघायची. "आई, अगं मीच शमू," म्हटलं की घाबरायची, रडायची. "माझा शमू हलत नाही. अशी चेष्टा करू नका म्हाताऱ्या माणसाची." एखाद्या दिवशी क्षणभर ओळखायची आणि चार घास खायची. बाकी दिवशी नाही. वजन उतरत चाललं. असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, डॉक्टर म्हणाले.

मागच्या एका रविवारी आम्ही उपासनेहून आलो. रजनीनं मटण केलं होतं, आईच्या आवडीचं, बाजरीची भाकरी. मी ताट आईपुढं ठेवलं. तिनं माझ्याकडे वर बघितलं.

"दादा, तुम्ही इथलेच ना? आत जाता येतं ना तुम्हाला?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"हे ताट आत न्या. माझ्या शमूला द्या. त्यानं हातानं खाल्लं की मला येऊन सांगा. मग मी बघते."

आई, मीच शमू, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण मी थकलो होतो. म्हटलं, "देतो."

ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. गॅसच्या ओट्याशी उभा राहिलो. माझी बोटं अजून नीट मिटत नाहीत, भाकरी मोडायला वेळ लागतो. रजनी बघत होती. मी घास मोडला, रश्श्यात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. मी रडत होतो आणि चावत होतो. मग तोंड धुतलं, तिच्यासाठी दुसरं ताट वाढून घेतलं आणि बाहेर आलो.

"दिलं, मावशी," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी आईला मावशी म्हटलं. "खाल्लं त्यानं."

"हातानं?"

"हातानं. स्वतःच्या. माझ्यासमोर."

"खरं सांगता?"

"खरं."

इतके दिवस मी समोर बसून खाऊन दाखवत होतो, ते तिला दिसलं नव्हतं. परक्या माणसानं आतून येऊन सांगितलेलं तिला पटलं. तिनं पदर डोळ्याला लावला, "देवाची स्तुती असो," म्हणाली, आणि ताट पुढं ओढलं. पूर्ण भाकरी खाल्ली तिनं. हाडूक चोखून खाल्लं.

आता आमच्या घरी असंच चालतं. मी आत जातो, उभ्यानं जेवतो, बाहेर येऊन तिला सांगतो की तो जेवला. मी कामावर असलो की रजनी सांगते. आई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडते, मग जेवते.